मरतुकीची वही

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नाव एका दिवसात जगभर पोचले. भारतातल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्यांदाच सापडला होता. धुळे-सुरत मार्गावरच्या या लहानशा शहराचा मोठा आधार म्हणजे अंड्यांचा धंदा. तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे ठरले. नखशिखांत पोशाख चढवलेले कर्मचारी शेडमध्ये शिरले, खड्डे खणले गेले, चुना टाकला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने माणसांचे नमुने तपासले, त्यांत एकही बाधित निघाला नाही. त्या दिवसांतला दिलासा तेवढाच.

पण या पुस्तकाच्या वाचकाने नवापूरची गोष्ट १८ फेब्रुवारीपासून वाचू नये. तिचा शिकण्याजोगा भाग त्याआधीच्या दिवसांत आहे. निष्कर्ष येण्यापूर्वीच कोंबड्या मरत होत्या आणि ही मरतूक राणीखेतची आहे असा समज होता. त्या समजाला आधारही होता. राणीखेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग, या देशात १९२७पासून माहीत आहे. लस देऊनही तो अधूनमधून डोके वर काढतो. पोल्ट्रीवाल्याने आयुष्यात दहा वेळा मरतूक पाहिली असेल, तर त्यातल्या बहुतेक वेळा कारण राणीखेत, गंबोरो किंवा असलेच काही ओळखीचे असते. अनोळखी रोग येतो तो ओळखीच्या रोगासारखा दिसत येतो. मधले दिवस त्यातच जातात, आणि त्याच दिवसांत विषाणू अंड्यांच्या ट्रेवरून, गाडीच्या चाकांवरून, कामगाराच्या चपलांवरून पुढच्या शेडमध्ये पोचतो.

हे मधले दिवस कमी कसे करायचे, हाच या पुस्तकाचा विषय. कोंबड्यांमधल्या सांसर्गिक विषाणुजन्य रोगांवर पाळत ठेवणे म्हटले की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा, यंत्रे, नकाशे आणि दिल्लीतली बैठक येते. ते सगळे लागतेच. तरीही माझे ठाम मत आहे की ही पाळत सुरू होते ती शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या वहीत, आणि ती टिकते की मोडते हे ठरते ती वही लिहिणाऱ्या माणसाला खरे सांगून काय भोगावे लागते यावर. तंत्र आपण बरेच कमावले आहे. भरवसा कमावण्यात मागे आहोत.

आधी शत्रूची ओळख. बर्ड फ्लूचा विषाणू इन्फ्लुएंझा ए गटातला. त्याच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिने असतात, एच आणि एन. त्यांच्या क्रमांकांवरून एच५एन१, एच५एन८, एच९एन२ अशी नावे पडतात. त्याचा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पक्ष्यात दोन वेगळे विषाणू शिरले की या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्मू शकतो. रानबदके आणि पाणपक्षी हे त्याचे जुने घर. तिथे तो बहुधा निमूटपणे राहतो. एच५ आणि एच७ या जातींचे सौम्य विषाणू मात्र कोंबड्यांच्या दाट वस्तीत शिरले की बदलून अतिघातक होऊ शकतात. मग एखादी शेड दोन-तीन दिवसांत ओस पडते.

हा आजार आजचा नाही. इटलीत पेरोन्चितो यांनी कोंबड्यांच्या अशा साथीचे वर्णन १८७८मध्ये केले. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१ घराण्याचा माग मात्र १९९६मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आजारी पडलेल्या एका हंसापर्यंत जातो. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठले, त्यांतली ६ दगावली. तिथल्या प्रशासनाने वर्ष संपता संपता शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या. २००५च्या उन्हाळ्यात चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर पट्टकादंब आणि इतर रानपक्षी हजारोंनी मेले. त्यानंतर वर्षभराच्या आत हा विषाणू युरोप, आफ्रिका आणि आपल्या नवापुरापर्यंत आला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब जायकवाडीवरही उतरतात आणि ते पाहायला आपण दुर्बिणी घेऊन जातो. त्यांना दोषी ठरवून काही साधत नाही. रानपक्षी विषाणू आणून सोडू शकतात. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो बहुतेक वेळा माणसेच नेतात.

आता त्या वहीकडे येऊ. अंड्यांच्या कोंबड्यांची दहा हजारांची शेड घ्या. निरोगी शेडमध्येही रोज दोन-चार पक्षी मरतात, त्यात नवल नाही. समजा वहीत चार, तीन, पाच, चार असे आकडे चालले आहेत आणि एका सकाळी नऊ येतात. उन्हाळा असेल तर उष्म्यावर ढकलता येते, पावसाळा असेल तर ओल्या खाद्यावर. दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी पन्नास. तिसऱ्या दिवशी शंका कोणालाही येईल. पण नऊ आकडा पडला त्याच दिवशी थांबून बघणारा माणूस पाहिजे, आणि तो तेव्हाच थांबतो जेव्हा आधीचे आकडे लिहिलेले असतात. आठवणीतले आकडे नेहमी कारणाच्या सोयीने बदलतात. म्हणून रोजची मरतूक रोज, आणि शेडनिहाय लिहायची. शक्य असेल तर मेलेले पक्षी कुठे सापडले तेही लिहायचे, कारण पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये घातक फ्लू सुरुवातीला शेजारशेजारच्या काही पिंजऱ्यांपुरता राहतो आणि मग ओळीने सरकतो. दहा मेल्या आणि त्या शेडभर विखुरलेल्या आहेत, ही एक गोष्ट. दहाही एकाच कोपऱ्यात आहेत, ही अगदी वेगळी गोष्ट.

मरतूक ही तशी उशिराची खूण. त्याआधी पाणी बोलते. आजारी पडू लागलेला कळप आधी पाणी आणि खाद्य कमी करतो, मग अंडी उतरतात, कवच पातळ किंवा बिनरंगाचे येते. पाण्याच्या टाकीला साधे मीटर बसवून रोजचा आकडा टिपणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला एखाददुसरा दिवस आधी कळू शकते. या रोगात एक दिवस म्हणजे पुष्कळ. ब्रॉयलरच्या शेडमध्ये गादीवर, तुसात वाढणाऱ्या पिल्लांचा आवाज बदलतो, एरवीचा कलकलाट मंदावतो. अनुभवी माणूस दार उघडण्याआधी कान देतो. हे निरीक्षणसुद्धा वहीत एका शब्दात लिहावे. नंतर येणाऱ्या पशुवैद्यकाला त्याचा मोठा उपयोग होतो.

लक्षणांवर एक सविस्तर प्रकरण पुढे आहे, म्हणून इथे थोडक्यात. तुरा आणि गलोल सुजून निळे-जांभळे पडणे, पायांच्या उघड्या भागावर रक्ताचे लाल चट्टे, डोक्याला सूज, अंडी एकदम थांबणे ही घातक फ्लूची चिन्हे. मान पिरगळणे, हिरवट पातळ विष्ठा, श्वासाची घरघर ही राणीखेतची. अडचण अशी की दोन्हींच्या याद्या एकमेकांत शिरतात, आणि फ्लूच्या कित्येक कोंबड्या एकही चिन्ह न दाखवता सकाळी मेलेल्या सापडतात. उघड्या डोळ्यांनी या दोघांत निवाडा करायला कोणी जाऊ नये. तो नमुन्यांचा प्रांत आहे.

नमुने म्हणजे घशातून आणि गुदद्वारातून कापसाच्या काडीने घेतलेला स्राव, रक्तजल, आणि ताजे मेलेले पक्षी. ते बर्फात, तिहेरी वेष्टनात, पुण्याला औंध इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि तिथून अंतिम निदानासाठी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे. आरटी-पीसीआर चाचणी काही तासांत उत्तर देते. विषाणू वाढवून पाहायचा असेल तर तो कोंबडीच्याच गर्भित अंड्यात वाढवतात, त्याला दिवस लागतात.

किती पक्ष्यांचे नमुने घ्यायचे, या प्रश्नावर गावोगावी गोंधळ दिसतो, म्हणून तिथे जरा थांबतो. आजाराची कुठलीच खूण नाही अशा मोठ्या कळपातून ३० पक्षी स्वैरपणे निवडून तपासले आणि सगळे निर्दोष निघाले, तर त्याचा अर्थ कळपात विषाणू नाही असा होत नाही. अर्थ असा की कळपातले दहा टक्के पक्षी बाधित असते, तर तिसांत एकही बाधित न सापडण्याची शक्यता फार थोडी, पाच टक्क्यांच्या आसपास, होती. एक टक्का पक्षी बाधित असतानाही तो सापडावा अशी खात्री हवी असेल तर ३००च्या घरात नमुने लागतात. म्हणून ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ हे वाक्य किती पक्ष्यांचा आणि कुठल्या पक्ष्यांचा रिपोर्ट, हे विचारल्याशिवाय स्वीकारू नये. उलट मरतूक चालू असताना धडधाकट कोंबड्या पकडून नमुने घेणे म्हणजे वेळ घालवणे. तेव्हा मरू घातलेले आणि नुकतेच मेलेले पक्षीच घ्यायचे. कामगारांना पळणारी कोंबडी धरायला आवडत नाही, हे खरे. पण निरोगी कळपाच्या पाहणीत हाताला सहज लागणारे तीस पक्षी म्हणजे स्वैर निवड नव्हे, हेही त्यांना समजावून सांगावे लागते.

निदान पक्के झाले की आजच्या पद्धतीनुसार एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. बाधित क्षेत्रातले सगळे पक्षी मारतात, अंडी आणि खाद्य नष्ट करतात, शेड निर्जंतुक होते, आणि पुढे काही महिने नमुने तपासून निर्वाळा मिळेपर्यंत नवी बॅच भरता येत नाही. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य मिळून देतात. २०२१च्या साथीत अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये आणि ब्रॉयलरला ७० रुपये असा दर होता.

इथे सगळ्या व्यवस्थेची दुखरी नस आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. वरवर पाहता हा नियम लवकर कळवायला प्रवृत्त करणारा आहे: आज सांगाल तर जिवंत पक्षी जास्त, म्हणजे पैसे जास्त. पण पोल्ट्रीवाल्याच्या मनातला हिशेब इतका सरळ नसतो. नमुना पाठवला तर बातमी फुटेल. बातमी फुटली तर निष्कर्ष येण्याआधीच व्यापारी माल उचलणे थांबवतील. निष्कर्ष राणीखेत आला तरी तोवर भाव पडलेला असेल आणि शेजारच्या वीस पोल्ट्र्यांचा राग आपल्या दाराशी येईल. करार पद्धतीत तर पक्षी कंपनीचे असतात. शेतकऱ्याची असते ती शेड, मेहनत आणि बँकेचा हप्ता. रिकाम्या शेडच्या महिन्यांचे काय, याचे उत्तर त्याला कोणी दिलेले नसते. मग सुचतो तो उपाय सर्वांत धोक्याचा असतो. मरतूक वाढताच उरलेले पक्षी रातोरात विकून टाकायचे. शेडमधला विषाणू मग टेम्पोत बसून चार तालुक्यांच्या बाजारांत पोचतो.

२००९च्या कायद्याने जनावरांमधल्या संसर्गजन्य रोगाची शंका येताच कळवणे मालकावर बंधनकारक केले आहे. कायदा हवाच. पण पहाटे पाच वाजता, नऊ मेलेल्या कोंबड्या समोर असताना, माणूस कायद्याचे कलम आठवत नाही. तो आपले कर्ज आठवतो. म्हणून मला वाटते, आणि हे मत मी या पुस्तकाच्या आरंभीच नोंदवून ठेवतो, की भरपाईचा हिशेब कळवल्याच्या तारखेपासून व्हावा. ज्या दिवशी फोन केला त्या दिवशी शेडमध्ये जेवढे पक्षी होते तेवढे मोजावेत. नमुन्याचे उत्तर येईपर्यंत जे मेले तेही त्यात धरावेत. वही नीट ठेवलेली असेल तर हे मोजणे अवघड नाही. सरकारला थोडे जास्त पैसे द्यावे लागतील, पण दहा दिवस उशिराने समजलेल्या साथीचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो. नेदरलँड्ससारख्या शिस्तीच्या देशातही २००३मध्ये एच७एन७ची साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे तीन कोटी पक्षी गेले आणि एका पशुवैद्यकाचा जीव गेला.

मोठ्या पोल्ट्र्यांबद्दल इतके बोलल्यावर परसातल्या कोंबडीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी आहेत, त्यांतले ३१ कोटींहून अधिक परसातले. नवापूर असो, मेळघाट असो की कोकणातली वाडी, चार-सहा गावठी कोंबड्या या घरातल्या बाईची स्वतःच्या हातातली कमाई. त्यांची वही नसते. डालग्याखाली झाकलेल्या पाचांतली एक गेली तर ती घारीने नेली की रोगाने, याची चौकशी कोणी करत नाही, आणि आजारी कोंबडी आठवडी बाजारात जाते किंवा चुलीवर. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या तेव्हा बातमी झाली. आठ मेल्या असत्या तर झाली नसती. या घरांसाठी पाळतीची रीत वेगळीच हवी. गावातली पशुसखी आठवड्यातून एकदा दारावरून जाताना ‘किती उरल्या?’ एवढे विचारून लिहून ठेवील, तरी गावपातळीवर पहिल्यांदाच काही दिसू लागेल.

माणसाचे आरोग्यही इथेच जोडले जाते. फेब्रुवारी २०१९मध्ये मेळघाटातल्या गावांत चाललेल्या श्वसनविकारांच्या अभ्यासात सतरा महिन्यांच्या एका बालकाच्या नमुन्यात एच९एन२ विषाणू सापडला. भारतात माणसामध्ये तो पहिल्यांदाच दिसला. जुलै २०२१मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातल्या एका मुलाचा मृत्यू झाला. एच५एन१ने झालेला हा देशातला पहिला मानवी मृत्यू. नीट शिजवलेल्या मांसातून किंवा अंड्यातून हा विषाणू लागत नाही. ७० अंश तापमानाला तो टिकत नाही, आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, सोलणाऱ्याला, खुराडे झाडणाऱ्याला. त्यामुळे मरतूक असलेल्या शेडमधल्या कामगाराला ताप आला तर ती माहितीही त्याच वहीत आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेली पाहिजे. पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन खात्यांची कार्यालये कित्येक तालुक्यांत एकाच रस्त्यावर असतात. कागद मात्र जिल्ह्याला जाऊन परत येतो. हे बदलायला हवे.

रानातूनही इशारे मिळत असतात. २०२०-२१च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर पट्टकादंब हजारोंनी मेले. जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात पन्नासावर कावळे मेले आणि त्यांत एच५एन१ निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचे सिद्ध झाले. मेलेला कावळा ही आपल्याकडे नगरपालिकेच्या सफाई कामगाराने उचलून टाकायची वस्तू असते. एकाच बागेत चार कावळे मेलेले दिसले तर ते हात न लावता कळवायचे असतात, हे त्या कामगाराला कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि त्याने कळवल्यावर पलीकडून कोणीतरी आलेही पाहिजे.

लसीचा प्रश्न वाचक विचारणारच. सौम्य एच९एन२वर भोपाळच्या संस्थेने लस तयार केली आणि ती उत्पादक कंपन्यांकडे गेली. अतिघातक एच५एन१विरुद्ध मात्र भारताचे धोरण मारून रोग थांबवण्याचे राहिले आहे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३पासून बदकांना लस टोचायला सुरुवात केली. चीनमध्ये ती फार आधीपासून आहे. माझा लसीला विरोध नाही. पण लस आली की आपल्या वहीची भाषा बदलते. लस घेतलेला कळप मरत नाही, तरी त्यात विषाणू फिरत राहू शकतो. मरतूक या खुणेवर उभी असलेली सगळी पाळत तिथे आंधळी होते. मग प्रत्येक शेडमध्ये लस न दिलेले खुणेचे काही पक्षी ठेवावे लागतात, ठरल्या काळाने नमुने घ्यावे लागतात, प्रतिपिंडे लसीची की रोगाची हे वेगळे ओळखणाऱ्या चाचण्या लागतात. एवढी तयारी न करता लस आणली तर आपण साथ थांबवणार नाही, फक्त ती दिसेनाशी करू. एच९एन२ आपल्या कळपांत बरीच वर्षे मुरलेला आहे. तो अंडी कमी करतो आणि पोल्ट्रीवाले त्याला सरावले आहेत. त्याच्या संसर्गातून गेलेल्या कोंबड्या घातक एच५एन१ आला तरी कमी मरू शकतात, असे १९९७च्या हाँगकाँगच्या साथीवरच्या अभ्यासांतून पुढे आले. साथ न दिसण्याचा हा धोका लसीच्याही आधीपासून आपल्याकडे आहे.

या सगळ्यात आशेला जागा आहे ती नोंदींमुळेच. ऑक्टोबर २०२३मध्ये भारताने २६ कुक्कुटपालन घटक बर्ड फ्लूमुक्त असल्याची केलेली घोषणा जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केली. हे घटक ज्या चार राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. ही मान्यता मिळते ती काटेकोर जैवसुरक्षा आणि वर्षानुवर्षांच्या न चुकलेल्या नोंदींवर. मोठ्यांना जे जमले ते पाच हजारांच्या शेडवाल्यालाही जमावे, त्याच्या आवाक्यातल्या खर्चात, म्हणून पुढची प्रकरणे लिहिली आहेत. वाचण्याचा क्रम ज्याने त्याने ठरवावा. ज्याच्या शेडमध्ये आजच मरतूक वाढली आहे त्याने मात्र आधी नमुन्यांचे प्रकरण उघडावे, गेट बंद करावे, मेलेले पक्षी नाल्यात न टाकता झाकून ठेवावेत, कोणताही पक्षी, अंडे किंवा खाद्याची रिकामी गोणी बाहेर जाऊ देऊ नये आणि १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करून फोनची वेळ वहीत लिहावी. बाकीचे पुस्तक नंतर वाचले तरी चालेल.